कुलूपवाल्याचे शेवटचे शब्द

सत्तेतल्या माणसाला कापायला फिती मिळतात, विरोधातल्याच्या वाट्याला मेलेली माणसं येतात. तोफसाहेबांना हे सत्य पहिल्या पराभवानंतर उमगलं आणि तिसऱ्या पराभवापर्यंत त्यांनी त्याचं शास्त्र करून टाकलं. ‘तोफ’ हे नाव कुणा वार्ताहरानं दिलेलं, बहुधा चेष्टेनंच. पण साहेबांना ते असं काही मानवलं की घरात त्यांची बायकोसुद्धा सकाळी विचारायची, “तोफ उठली का?”

शहरात कुणी गेलं की साहेब हजर. शिंपी गेला, साहेब पहिल्या खुर्चीत. मुख्याध्यापक गेले, साहेब माईकपाशी. जुना पूल कोसळल्याला वर्ष झालं तेव्हा त्यांनी मेणबत्ती लावली, पुढच्या वर्षी त्याहून मोठी लावली. मधल्या रिकाम्या वेळात ते प्रतिक्रिया द्यायचे. पाणीपट्टीवर प्रतिक्रिया, फुटबॉलचा संघ हरला त्यावर प्रतिक्रिया. ग्रहण लागलं त्या दिवशी, ‘सूर्य झाकला जात असताना हे सरकार काय करत होतं?’ असा सवालही त्यांनी केला होता. आता खरं सांगायचं तर तो सवाल त्यांचा नव्हता. भाषणवालीचा होता.

भाषणवाली म्हणजे साहेबांची भाषणं, निवेदनं आणि शोकसंदेश लिहिणारी. पक्षाचं कार्यालय टायरच्या दुकानाच्या डोक्यावर होतं, त्यामुळे सगळ्या श्रद्धांजल्यांना थोडासा रबराचा वास यायचा. खिडकीशी तिचं टेबल आणि टेबलामागे भिंतीला टेकवलेली मोठी सोनेरी चौकट. चौकट एकच, माणूस बदलायचा. मागचे खिळे वाकवून जुना फोटो काढायचा, नवा सरकवायचा, काच फडक्यानं पुसायची, की झाली शोकसभेची तयारी.

‘शेवटची भेट’ ही तिचीच करामत. पहिली भेट मात्र खरी होती. एका म्हाताऱ्या पोस्टमननं दवाखान्यात साहेबांचा हात धरून सांगितलं होतं की कोपऱ्यावरचा दिवा लागत नाही, माणसं ठेचकाळतात. साहेबांनी ते शोकसभेत सांगितलं, बायाबापड्या रडल्या, पेपरात छापून आलं आणि लगोलग दिवाही लागला. त्या दिवसापासून शहरात कुणीही साहेबांना भेटल्याशिवाय मरेना. शिंप्यानं अखेरच्या क्षणी महागाईवर मत दिलं, मुख्याध्यापकांनी अंदाजपत्रकावर. एका आजींना शेवटी शेवटी पोटच्या मुलाचं नाव आठवत नव्हतं, पण रस्त्याच्या टेंडरमधला घोळ त्यांना जाता जाता बरोबर आठवला. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते काही खोटं नाही, पण भाषणवालीच्या म्हशी मेल्यावर बोलायच्यासुद्धा.

तिला यात कधी अपराधी वाटलं नाही. मेलेली माणसं तक्रार करत नाहीत, आणि घरच्यांना तर ते आवडायचंच. ज्या माणसाचं घरातही कुणी ऐकलं नाही त्याचं म्हणणं पेपरात आलं, तर कुणाला नको असतं?

आणि मग तिचे बाबा गेले.

बाबा कुलूपवाले. बाजाराच्या तोंडाशी त्यांची टपरी होती, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याला ऊन लागायचं. अर्ध्या शहराची अडकलेली दारं त्यांनी उघडली होती आणि दारामागे जे दिसलं ते कधी ओठांवर येऊ दिलं नव्हतं. नवरा बाहेर, बायको आत, मधे अडकलेलं कुलूप, असली प्रकरणं त्यांनी मान खाली घालून सोडवली. मत आयुष्यभर सरकारी पक्षाला दिलं. लेक विरोधकांकडे नोकरीला लागली तेव्हा एवढंच म्हणाले, “आवाज मोठा आहे त्याचा. कानाला जप.”

ते गेले भर दुपारी, घरीच. आईचा फोन आला होता. “ह्यांना बरं वाटत नाहीये गं. येतेस का?” भाषणवाली तेव्हा पुलाच्या स्मरणदिनाचं निवेदन लिहीत होती. “एवढा परिच्छेद करते नि निघते,” ती म्हणाली. परिच्छेद झाला, तो बरा जमला म्हणून आणखी एक झाला. घरी पोचली तेव्हा दार सताड उघडं होतं. कुलूपवाल्याच्या घराचं दार कधीही सताड उघडं नसायचं.

“काही म्हणाले का?” तिनं आईला विचारलं.

“काय म्हणणार? बोलायचे कधी?” आई म्हणाली आणि औषधाच्या बाटल्या आवरायला लागली.

तिनं दुसऱ्या दिवशी विचारलं, तिसऱ्या दिवशी विचारलं. भाजी निवडताना विचारलं, आडून विचारलं, रडून विचारलं. आई प्रत्येक वेळी तोंड फिरवायची आणि कशाला तरी हात घालायची. म्हणजे काहीतरी होतं. ते आपल्याला ऐकवण्यासारखं नसणार, रागाचं असणार, या विचारानं भाषणवालीला जेवण जाईना. सगळ्या शहराला शेवटचे शब्द वाटत फिरणाऱ्या बाईला स्वतःच्या बापाचे मिळेनात.

साहेबांनी शोकसभा जाहीर केली. ती नको म्हणाली, पण आईच म्हणाली, “होऊ दे. त्यांच्या ओळखीची माणसं येतील. ते कुणाकडे बसायला जायचे नाहीत, निदान लोक तरी येऊन बसतील.”

मग भाषणवालीनं साहेबांच्या हातात एक कागद ठेवला. त्यावर चार वाक्यं होती.

“एवढंच?” साहेबांनी कागद उलटून पाहिला.

“एवढंच. आणि साहेब, शेवटची भेट नको.”

“अगं, वेडी आहेस का? बहिणीसारखी आहेस तू मला.”

“म्हणूनच सांगतेय.”

साहेबांनी गळ्याला हात लावून शपथ घेतली. त्यांच्या शपथा खऱ्याच असायच्या, फक्त त्या शपथांना माईक सोसत नसे.

वाचनालयाचं सभागृह गच्च भरलं. सोनेरी चौकटीत बाबा असे दिसत होते, जणू कुणीतरी चौकट दुरुस्तीला बोलावलंय आणि चुकून आत अडकलेत. आई समोरच्या रांगेत, तिच्याशेजारी भाषणवाली. साहेब उठले, माईक शिट्टी मारत होता, आणि त्यांनी वाचलं:

“त्यांनी कुलुपं दुरुस्त केली. एका घरातलं दुसऱ्या घरात कधी नेलं नाही. सांगितलेल्या वेळी यायचे. आम्हाला त्यांची आठवण येईल.”

शिट्टी थांबायच्या आत भाषण संपलं. भाषणवालीनं सुटकेचा निःश्वास सोडला. पण समोर तीन वाहिन्यांचे कॅमेरे होते, आदल्याच दिवशी सरकारनं पाणीपट्टी वाढवली होती आणि सभागृहात पिनड्रॉप शांतता होती. उपाशी माणसानं वाढलेल्या ताटाकडे बघावं तसं साहेबांनी त्या शांततेकडे बघितलं.

“त्यांची माझी शेवटची भेट,” साहेब म्हणाले, “मी विसरू शकत नाही.”

“नाही हो साहेब,” भाषणवाली पुटपुटली. पण उचलली जीभ टाळ्याला लागली होती.

“त्यांनी माझा हात हातात घेतला. डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, साहेब, जन्मभर मी लोकांची कुलुपं उघडली. आता या सरकारी तिजोरीचं कुलूप तेवढं तुम्ही उघडा!”

मागच्या रांगेतून एका भाजीवाल्यानं विचारलं, “रात्रीचं उघडणार का दिवसा?”

सभागृह फुटलं. शोकसभेला आलेली माणसं गुडघ्यांवर थापा मारून हसायला लागली. साहेबांच्या लक्षात आलं, पण उशिरा. “म्हणजे जनतेसाठी! आत काय आहे ते बघायला फक्त!” त्यांनी सारवासारव केली, आणि लोक आणखी हसले. कॅमेरेवाले इतके खूश झाले की एकानं पुढे येऊन वाक्य पुन्हा म्हणायची विनंती केली.

भाषणवालीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. लोक हसले याचं तिला एवढं लागलं नाही. लागलं ते हे, की वाक्य तिचंच होतं. आधी हात, मग डोळ्यांतलं पाणी, मग दणका. ही घडण साहेबांना तिनंच शिकवली होती. तोफ त्यांची असेल, दारू तिची होती. आज ती तिच्याच बापाच्या फोटोवर उडाली.

तेवढ्यात शेजारची खुर्ची सरकली. आई उठली, हळूहळू पायऱ्या चढली आणि साहेबांसमोर जाऊन उभी राहिली.

“बसा आता,” ती म्हणाली. साहेब बसले. खाली येऊन, आईच्याच रिकाम्या खुर्चीत.

आईनं माईक दोन्ही हातांनी धरला. “हे या साहेबांना कधी भेटले नाहीत. भेटले असते तर घरी येऊन मला सांगितलं असतं.” तिनं जरा विचार केला. “नाही, मला पण नसतं सांगितलं.”

लोक हसले, पण या वेळी वेगळं हसले.

“त्यांचे शेवटचे शब्द माझ्याकडे आहेत. मी ते पोरीला सांगणार नव्हते. तिच्या जिवाला लागतील म्हणून. पण आता हे तिजोरीचं उद्या पेपरात येणार, आणि पोरीच्या डोक्यात तेच राहणार. त्यापेक्षा खरं लागलेलं बरं.” तिनं भाषणवालीकडे बघितलं. “मला विचारलं, पोरगी कुठाय? मी म्हटलं, निघतेय, एक परिच्छेद राहिलाय. तर म्हणाले, लिहू दे तिला. घाई नको करू म्हणावं. मी थांबतो.”

माईकनं शिट्टी मारली. आईनं तो जरा लांब धरला.

“उभ्या आयुष्यात माणूस तेवढंच खोटं बोलला.”

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. भाजीवाल्यानं नाक शिंकरलं. भाषणवाली मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट धरून रडत होती. तिला बापाचा राग हवा होता, निदान त्याची शिक्षा भोगता आली असती. बाबांनी तेवढीही सोय ठेवली नव्हती.

साहेब तिच्या कानाशी वाकले. त्यांचेही डोळे खरोखर भरून आले होते. रडण्याच्या बाबतीत त्यांनी कधी कुणाला फसवलं नव्हतं.

“अगं,” ते कुजबुजले, “ही ओळ तू मला का नाही दिलीस?”

“ती माझी आहे, साहेब,” भाषणवाली म्हणाली, आणि आईला पायऱ्यांवरून उतरवून घ्यायला उठली.