आधी आवाज जाऊ द्या

मित्रांनो, तळा गावातल्या एका शाळेच्या लोखंडी कपाटात राहणारा मी जुना सर्व्हर आहे. पुष्कळ संगणकांना एकमेकांशी जोडणारा मोठा संगणक, एवढं समजलात तरी पुरे.

मला श्रीवर्धनच्या मैथिलीताईंनी घडवलं. गावोगावच्या मुलांनी आपापली चित्रं, आवाज, चित्रफिती आणाव्यात आणि एकमेकांशी बोलत शिकावं, यासाठी. सुरुवातीला दहाच शाळा होत्या. काम छान चाललं, माझं कौतुकही झालं. मग हा उपक्रम चालवणाऱ्या साहेबांनी एकदम साठ शाळा जोडल्या. गर्दी झाली तर आधी आवाज जाईल, चित्र मागून येईल, अशी रचना करू द्या, असं मैथिलीताईंनी परोपरीने सांगितलं. साहेबांना पटलं नाही. कार्यक्रमाला येणाऱ्या पाहुण्यांना पडद्यावर सगळे चेहरे एकदम दिसायला हवे होते.

कार्यक्रमाच्या दिवशी खाडीकाठच्या शाळेतली प्राप्ती बोलायला उभी राहिली. बांध फुटून त्यांच्या भातशेतीत खारं पाणी शिरलं होतं, ते ती सांगत होती. तिचं बोलणं माझ्यापर्यंत येत होतं, पण एवढ्या चेहऱ्यांच्या ओझ्याखाली मला ते पुढे पाठवता येईना. पडद्यावर तिचं उघडं तोंड तसंच थिजलं. पाहुणे हसले. माझा नुसता संताप झाला, पण करणार काय?

तिचा माइक चालूच होता. ती तिच्या नेत्राबाईंना म्हणाली, “बाई, माझं कोनी ऐकलंच न्हाय.”

साहेबांनी खापर माझ्यावर फोडलं आणि आणखी मोठा पडदा मागवला. माझी साधी धूळसुद्धा कुणी पुसली नाही.

मैथिलीताई मात्र प्राप्तीच्या शाळेत जाऊन बसल्या. तिथलं नेटवर्क किती तोकडं आहे ते त्यांनी स्वतः पाहिलं आणि कुणाला न विचारता माझी रचना बदलली. पुन्हा बोलायला सांगितलं, तर प्राप्ती काही केल्या उभी राहीना. शेवटी बसूनच बोलली. तिचं चित्र कुठेच आलं नाही, आवाज मात्र सगळ्या शाळांत पोहोचला. मग श्रीवर्धनच्या शाळेतल्या जीवनने विचारलं, “मग आता तुम्ही पिकवणार काय?”

प्राप्ती त्याला सांगू लागली. तेवढा एक दिवस मला आपण कामाचे आहोत असं वाटलं.

पुढच्या आठवड्यात पाहुणे यायचे होते. बदल काढून टाकायचा साहेबांचा आदेश आला. आता पडद्यावर पुन्हा सगळे चेहरे आहेत. प्राप्तीचं उघडं तोंड दिसतं, इतकंच.

मित्रांनो, उद्या तुम्हीही माझ्यासारखी यंत्रं घडवाल. तेव्हा पाहुण्यांची खुर्ची सोडा आणि नेटवर्क सर्वांत कमी असलेल्या शाळेत जाऊन बसा. तिथलं एखादं पोर बोलू लागलं, की ते दुसऱ्या टोकाला ऐकू येतंय ना, एवढं आधी बघा.