डोंगर मधोमध

तेराव्याला हार घालायला बाबांचा एक धड फोटो हवा होता, आणि अख्ख्या गोतावळ्याचे फोटो काढणाऱ्या माणसाचा स्वतःचा एकही नव्हता. कुणीतरी त्यांच्याच कॅमेऱ्याने एखादा काढला असेल, या आशेवर गार्गीने मुलुंडच्या घरात लॅपटॉप उघडला आणि कॅमेऱ्यातलं कार्ड लावलं.

समोर आई तांदूळ निवडत बसली होती. जिन्याच्या शेवटच्या दोन पायऱ्यांवरून बाबा पडले, त्या दिवसापासून तिचं एकच पालुपद होतं.

"मी जिना पुसायला नको होता गं. ओला होता म्हणून घसरले."

"आई, पुरे आता."

उन्हात कॅमेऱ्याच्या पडद्यावर भरवसा ठेवायचा नाही, हे बाबांनी गार्गीला फार पूर्वी शिकवलं होतं. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, बघायचा. त्या आलेखाला ते डोंगर म्हणत. डोंगर डावीकडे भिंतीला चिकटला तर सावल्यांचा कोळसा होतो, उजवीकडे चिकटला तर उजेडाचा नुसता चुना. तिथलं मग काही परत मिळत नाही.

कार्डावरच्या फोटोंचे डोंगर अगदी मधोमध होते. वर्सोव्याला वाळत घातलेले बोंबील, मढची फेरीबोट, गच्चीवरची कुंडी. गार्गी एकेक मोठा करून बघू लागली. बोंबील पुसट. बोट पुसट. जुन्या लेन्सचा फोकस ते हाताने जुळवायचे, आणि गणपतीनंतरच्या एकाही फोटोत तो जुळला नव्हता.

त्या बोटीच्या वेळी ती शेजारीच उभी होती. कॅमेरा तिच्या हातात देत बाबांनी विचारलं होतं, "बघ गं, नीट आलाय का?"

तिने सवयीने आलेख तेवढा पाहिला. "झकास, बाबा. डोंगर मधोमध."

"डोंगर मलाही दिसतो गं," ते म्हणाले होते. ती हसली होती.

शेवटचा फोटो बाल्कनीतला. गार्गी त्याकडे बघत राहिली, मग तिने लॅपटॉप आईकडे वळवला.

"हे कोण?" आईने चष्मा सारखा केला.

"तू आहेस, आई."

आईने साडीचा काठ ओळखला. चेहऱ्याच्या जागी गव्हाळ डाग होता.

"त्यांना दिसत नव्हतं, आई. पायऱ्या दिसल्या नसतील. पाण्याने नाही पडले ते."

आईची बोटं तांदळात थांबली.

"रोज समोर बसून जेवायचे माझ्या," ती म्हणाली. "आमटीत मीठ कमी झालं तरी मला तोंडावरून कळायचं त्यांच्या."

"मलाही नाही कळलं."

"बंद कर ते." आईने ताट पुढे ओढलं. "पाण्यानेच पडले, असं राहू दे."