बावखल म्हणजे कोण?

नातू गेला तरी सावित्री रडली नाही. बारावं-तेरावं उरकलं तशी ती पुन्हा वाडीत चाफा खुडू लागली, करंड्या बाजाराला धाडू लागली. वटार गावात कुजबूज झाली, बाई दगडाच्या काळजाची आहे. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? तिला खरंच काही वाटत नव्हतं. गॅसवरचं दूध उतू जाई आणि ती समोर उभी राहून बघत असे.

डोक्यात फक्त वेदांतचा एक प्रश्न अडकला होता. मनवेलपाड्याच्या फ्लॅटमधून नातवंडं सुट्टीला आली, त्या सकाळी तिने बजावलं होतं, "बावखलाकडे जायचं नाही हं!"

"आजी, बावखल म्हणजे कोण?" पाच वर्षांच्या वेदांतने विचारलं होतं.

कोण! सगळं घर पोट धरून हसलं. सावित्रीनेही डोळे वटारले, "पोरांना गिळतो तो!"

बावखल म्हणजे वाडीतलं तळं, हे तिच्या घरात कधी कुणाला सांगावं लागलं नव्हतं. फ्लॅटमधल्या पोराला ते कसं कळावं? आपल्याला शब्द येतो म्हणून समोरच्यालाही येतो असं धरून चालायचं, मग बजावण्यात नुसती तोंडाची वाफ दवडली जाते.

पंप बसल्यापासून बावखलाचं पाणी कुणी उपसत नव्हतं. वर शेवाळ इतकं दाट साचलं होतं की हिरवळच वाटावी. वेदांतला तिथे राक्षस दिसला नाही. काठावर उभ्या धाकट्या बहिणीला, सलोनीला, तो म्हणाला, "इथे कोणीच नाहीये," आणि शेवाळावर जाऊन पडलेल्या चेंडूमागे चालत गेला.

नंतर सावित्रीच्या नवऱ्याने, विद्याधरने, कुंपण घातलं. माडाला दोरी, हवा भरलेली ट्यूब आणि लांब बांबू बांधून ठेवला. सून संपदा वर्षभर फिरकली नाही. या मे महिन्यात सलोनीला घेऊन आली आणि दारातच म्हणाली, "आई, हिला तिकडे नेऊ नका. त्या तळ्याचं नावही काढू नका."

सावित्रीने मान डोलावली. जेवणं झाली. संपदा भांडी विसळायला गेली, तेव्हा सावित्रीने सलोनीचा हात घट्ट धरला आणि थेट कुंपणापाशी नेलं. पडलेला एक नारळ उचलून आत टाकला. हिरवळ फाटली, खालचं काळं पाणी दिसलं आणि हळूहळू पुन्हा झाकलं गेलं.

"हे बावखल, बाय."

"हे तर पाणी आहे!"

"पाणीच आहे. खूप खोल."

मागे पावलं वाजली. ओल्या हातांनी संपदा येऊन उभी राहिली होती. सलोनी अजून पाण्याकडेच बघत होती.

"मग दादाला का नाही सांगितलंस?"

सावित्रीने सुनेकडे पाहिलं. नजर चुकवली नाही.

"त्याने विचारलं होतं, बाय," ती म्हणाली. "मी हसले."