तुळशीवरची गळती

“मान हलवू नका,” ती म्हणाली आणि पळीतलं तेल तिनं माझ्या डाव्या कानात ओतलं.

पुढचं मला नीट आठवत नाही. आई सांगायची, मी अशी बोंब ठोकली की गोठ्यातली म्हैस दावं तोडून बाहेर पळाली. म्हशीचं खरंखोटं देव जाणे, पण कान भाजला हे खरं. सन पन्नासचा श्रावण होता आणि आमच्या लग्नाला पुरते चार महिनेही झाले नव्हते. धरणात डुंबून डुंबून माझा कान ठणकायला लागला होता, म्हणून नव्या नवरीनं माहेरचा उपाय केला. तिळाच्या तेलात लसूण कडकवली. ते तेल आधी मनगटावर थेंब टाकून बघायचं, हेही तिला तिच्या आईनं शिकवलेलं होतं. पण नेमकी तेव्हाच माझ्या आईनं अंगणातून हाक मारली. सासूला ओ द्यायच्या घाईत थेंब टाकायचा राहिला. चूक म्हणावी तर एवढीच.

तिचं नाव सोनुबाई. मी नागू, पळसदरीचा, धरणाखालच्या पंपघरात पंप ड्रायव्हर. ड्रायव्हर म्हणजे पंप कुठं जात नव्हता आणि मीही जात नव्हतो, पण हुद्दा तसा होता.

कान दोन महिने वाहिला. कर्जतच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं आणि पडदा गेला म्हणून सांगितलं. मग कान सुकला, आणि आवाज सुरू झाला. पंपाचं पॅकिंग सैल झालं की फटीतून हवा निसटते ना, सूंऽऽ करून, तसा. फरक एवढाच की पंपाचं पॅकिंग आवळता येतं. हा सकाळी डोळे उघडायच्या आधी हजर असायचा आणि झोप लागेपर्यंत उशाशी बसायचा. दादरच्या एका मोठ्या डॉक्टरांनाही दाखवलं. ते म्हणाले, याला औषध नाही, सवय करून घ्या. सवय करून घ्या म्हणायला त्यांचं काय जातंय?

सोनुबाई रोज सकाळी चहाचा पेला पुढं ठेवायची आणि विचारायची, “आवाज हाय?” मी त्या वेळी सत्यवादी गाढव होतो. मी सांगायचो, “हाय.” एवढं ऐकून ती निमूट आत जायची.

तिनं गावदेवीपुढं बोलून टाकलं होतं, की ह्यांच्या कानातला आवाज थांबेपर्यंत तेल तोंडाला लावणार नाही आणि डोक्यालाही घालणार नाही. मला हे महिनाभरानं कळलं. ती फोडणी द्यायच्या आधीच आपल्यापुरतं कालवण काढून घ्यायची. ते निभलं असतं, पण केसांचं काय? लग्नात दृष्ट लागावी असा अंबाडा होता. वर्षभरात त्याचा काथ्या झाला. आई म्हणायची, सवाशिणीनं असं कोरड्या डोक्यानं हिंडू नये, लोक आपल्यालाच नावं ठेवतात. सोनुबाई उलट बोलत नसे. तशी ती अबोलच. नवीन असताना एकदाच तिला हसताना पकडली होती मी, तेही गुळाच्या डब्यात हात घातलेला असताना. गाल फुगलेला आणि बोट ओठांवर. सासूबाईंना सांगू नका म्हणून.

अडीच वर्षं मी तो काथ्या बघितला. कानातल्या आवाजाचा मला त्रास होता, पण त्या डोक्याकडं बघणं त्याहून जड जायचं. शेवटी मी डोंगराखालच्या वाडीवर चिंधीकडं गेलो. चिंधी म्हणजे आमच्या पंचक्रोशीतली झाडपाल्याची जाणती. दाढेतला किडा काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिनं माझा कान ओढून उन्हात धरला, आत बघितलं आणि सोडून दिला.

“किडा नाय ह्यात. कान जळलाय रं दादा.”

“ते मलाही ठावं हाय,” मी म्हणालो. “तरी तू किडा काढ.”

चिंधी भडकली. मी काय लोकांना फसवत हिंडते का, जा घरी, म्हणाली. मी तिला सोनुबाईच्या व्रताचं सांगितलं, तरी ती बधेना. मग कंद विकायला गावात आली तेव्हा तिनं आपल्या डोळ्यांनी सोनुबाईचं डोकं बघितलं. दुसऱ्या दिवशी पंपघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “सोमवारी येते. पर तिला कदी कळू देऊ नको. मलाबी नाय, तुलाबी नाय तोंड दाखवायला जागा ऱ्हायची.”

सोमवारी आमच्या अंगणात निम्मं गाव जमलं. चिंधीनं निखाऱ्यावर रिंगणीच्या बिया टाकल्या, वर भोकाची करवंटी पालथी घातली आणि नळीनं माझ्या कानात धूर सोडला. मी खोकून खोकून अर्धा झालो. मग तिनं माझ्या कानाखाली पान धरलं, कान झटकला, आणि पानावर एक पांढरट अळी वळवळायला लागली. लोक हबकले. मी डोळे मिटले, जरा वेळ ऐकल्यासारखं केलं आणि म्हणालो, “थांबला.”

सोनुबाईनं ते पान हातात घेतलं आणि ती अळीकडं बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, बाईला नवल वाटतंय. मग तिनं माझ्याकडं बघितलं. त्या संध्याकाळी तिनं डोक्याला वाटीभर खोबरेल चोपडलं आणि जेवणात मिरच्या तळल्या. मी देवीला मनातल्या मनात म्हणालो, खोटं माझ्या खाती मांड, पण हिचे केस परत दे. देवी भली. केस परत आले.

आता तुम्हाला वाटेल, सुटलो. कसला सुटतोय! आवाज सोसणं सोपं होतं, तो नाही असं दाखवणं महाकठीण. कानात बोट घालायचं नाही, डोकं झटकायचं नाही, घरात शांतता झाली की तोंड वाकडं करायचं नाही. शांतता झाली की तो चढायचा, म्हणून मी शांतता होऊच देत नसे. गावात मला सगळे बडबड्या नागू म्हणतात. मी काही जन्मजात बडबड्या नाही, कानानं केलं मला. पंपघरात मात्र चैन होती. इंजिनाच्या धडधडीत कानातला मुडदा पार बुडून जायचा. लोक कामाला कंटाळतात, मी रजेला कंटाळायचो.

घरात त्यामानानं बरं चाललं, कारण आमची ही वयाबरोबर जरा आवाजी होत गेली. गावात पिठाची गिरणी आली तरी हिनं जातं सोडलं नाही. गिरणीचं पीठ बाधतं म्हणे. माझ्या बाजेशेजारच्या खिडकीबाहेर तुळस होती. तिच्यावर हिनं गळती टांगली. बुडाला भोक पाडलेलं मडकं, त्यातून थेंब थेंब पाणी खाली पडतं. लोक वैशाखात महिनाभर टांगतात. हिची गळती दिवाळीपासून मिरगापर्यंत, आठ महिने. इतक्या पाण्यानं तुळस कुजेल म्हणून मुळाशी पितळी ताटली ठेवलेली. म्हणजे पाणी तुळशीला मिळायचंच नाही, ताटलीवर टप टप वाजत राहायचं. मी कधी विचारलं नाही. बायकांच्या देवधर्मात आपण नाक खुपसू नये. त्या टपटपीत मला झोप छान लागायची, एवढं मात्र खरं.

तिच्या आणखीही खोडी होत्या. पोरांच्या आंघोळीचं पाणी असो की दूध असो, आधी मनगटावर थेंब टाकून बघायचीच. चहा कोरा आणि बिनगुळाचा प्यायची. होळीला पुरणपोळ्या सुरेख करायची, पण स्वतः भाकरी खायची आणि वाटणीची पोळी माझ्या ताटात सरकवायची. गोड आवडत नाही म्हणायची. मी चारचौघांत थट्टा करायचो, आमच्या हिच्या जिभेवर कडुनिंब उगवलाय. लोक हसायचे, तीही हसायची. पोळी मी खायचो.

पंच्याऐंशी साली मी रिटायर झालो. हार घातला, नारळ दिला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं की आता दिवसभर इंजिन नाही. आई कधीच गेलेली, पोरगी आवडी शेलूला दिलेली, पोरगा खोपोलीच्या कारखान्यात. घरात आम्ही दोघं. दुपारी सगळं गाव पेंगतं, तेव्हा तो सूंऽऽ असा काही चढायचा की मी पायताण अडकवून बाहेर पडायचो. कधी देवळात, कधी स्टेशनवर, कधी उगाचच पंपघरात नव्या ड्रायव्हरचं डोकं खायला. दिवेलागणीला परत. असं वर्ष काढलं.

वैशाखात एका दुपारी मी पायताण घालतोय, तर ती दाराशी उभी. म्हणाली, “एक इचारू? माज्यासंगं बसायला नको वाटतं का तुमाला?”

छत्तीस वर्षांत त्या बाईनं स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं, आणि आता मागत होती ते एवढंच, की घरात बसा. बसायचं तर खरं कारण सांगायला हवं होतं. खरं सांगावं तर तिला कळणार, की तिनं ओतलेलं तेल माझ्या कानात अजून जळतंय. मी काहीतरी पुटपुटलो आणि तरातरा चालत सुटलो तो थेट वाडीवर.

चिंधी आता म्हातारी झाली होती. झोपडीपुढच्या झापाच्या सावलीत करवंदं निवडत बसली होती. मी तिला म्हणालो, बाई, तू एकटीच साक्षीदार हायस, तूच सांग. सोनुबाईला खरं सांगू का नको?

चिंधीनं करवंदांचा द्रोण खाली ठेवला आणि हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“कुनाला सांगतोस? तिला? अळी काढली त्येच्या आठ दिसांत आली होती ती माज्याकं. म्हनली, चिंधे, मी रोज वांगी चिरते. वांग्यातली अळी मला वळखू येत नाय व्हय?”

चिंधी सांगत राहिली. सोनुबाई म्हणाली होती, त्यांनी माझ्यासाठी केलं, त्यांना बरं वाटतंय, तर कळू देऊ नको. तिला कळू द्यायचं नाही, हे आमचं आधीच ठरलं होतं. चिंधीनं दोन्ही शब्द पाळले होते. तेहतीस वर्षं.

“आन् देवीला बोललेली व्हती, तर सोडायचं कसं? तेलाच्या बदली तिनं गूळ सोडला. गोड म्हून काय तोंडात घालत नाय. तेल सोडलेलं नवऱ्याला दिसतं, गोड सोडलेलं दिसत नाय, असं म्हनली. तुला खरंच दिसलं नाय रं?”

नाही दिसलं. तेहतीस होळ्या मी तिच्या ताटातली पोळी खाल्ली आणि वर तिची थट्टा केली. माझ्यासारखा आंधळा मीच. भाजला कान, पण गेले होते डोळे.

येताना वाण्याकडून गुळाचा खडा घेतला. घरी आलो तेव्हा ती ओटीवर जात्यावर दळत बसली होती. खिडकीबाहेर गळती ठिबकत होती. ताटलीवर टप, टप. इतकी वर्षं ती माझ्या उशाशी वाजत होती आणि मी तिला देवधर्म समजत होतो. मी तिच्याजवळ बसलो आणि कागद सोडून गूळ तिच्यापुढं ठेवला. तिनं गुळाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“चिंधीकं गेला होता,” ती म्हणाली.

“व्हय.”

जातं थांबलं. तिनं विचारलं, अगदी जुन्या चहाच्या वेळेसारखं, “आवाज हाय?”

“हाय.”

तिनं मान हलवली आणि गूळ हळूच माझ्याकडं सरकवला. नवस पुरा झाला नव्हता. हिशेबाला पक्की बाई.

मी म्हणालो, “हाय, पर लहान झालाय. म्हातारा झाला माज्यासंगं.”

“लहान म्हंजी केवडा?”

छत्तीस वर्षांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. डॉक्टरांनीही नाही. मी पुढं सरकलो, तिचे केस कानामागं सारले आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन तो आवाज काढला. सूंऽऽ. अगदी बारीक काढला. दुधावर फुंकर घालावी इतका. तिनं डोळे मिटले होते, आणि माझा श्वास संपेपर्यंत ती ऐकत राहिली.

“एवडाच?”

“एवडाच.”

“मला वाटलं, लई मोठा असंल,” ती म्हणाली. “म्या जल्मभर मोठा धरून चालले.”

“येडी हायस,” मी म्हणालो. कानात तो तेव्हाही इंजिनाच्या शिट्टीएवढा ओरडत होता.

तिनं गुळाचा कोपरा दातानं तोडला. दात थोडेच उरले होते, म्हणून खडा एका गालात धरला आणि चघळत बसली. गाल फुगला. तिनं बोट ओठांवर ठेवलं आणि हसली, आणि मला डबा उघडा टाकून उभी राहिलेली ती नवी नवरी दिसली.

मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली, घागर घेतली आणि बाहेर जाऊन गळतीचं मडकं काठोकाठ भरून आली.