सोवळ्यातला रेडिओ

आमच्या घरचा रेडिओ सोवळ्यात होता. हसू नका. ठाण्याला आमच्या आळीत तेव्हा मोजकेच रेडिओ आले होते, आणि बाकीच्यांच्या घरी तो कोणीही, कसल्याही हाताने लावत असे. आमच्याकडे मात्र आंघोळ केल्याशिवाय बातम्या लागत नसत.

ह्याचं मूळ होतं दुभत्याच्या कपाटात. ठकूआत्या म्हणजे माझ्या यजमानांची, हरिहरांची, आत्या. लहानपणीच विधवा होऊन भावाकडे आली आणि सासूबाई गेल्यावर ह्यांना तिनेच वाढवलं. घरातलं दूधदुभतं तिच्या ताब्यात. माजघरात जाळीच्या दारांचं सागवानी कपाट, मुंग्या चढू नयेत म्हणून चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या, दाराला कुलूप आणि किल्ली आत्याच्या कनवटीला. पारोशा माणसाने कपाटाच्या जवळून गेलेलंही तिला खपत नसे. नवी होते तेव्हा मी तिला मनातल्या मनात पुष्कळ नावं ठेवली. पण सुधीर झाला आणि मी तापाने फणफणले, अंगावर दूध राहिलं नाही. तेव्हा त्या कपाटातल्या म्हशीच्या दुधात पाणी घालून, उकळून, कापसाच्या बोळ्याने थेंब थेंब पाजून आत्याने माझं पोर जगवलं. त्याचे उपकार मी कधी विसरले नाही आणि विसरणारही नाही.

पुढे गवत आणायला माणूस मिळेना, गोठ्याची भिंत खचली, तेव्हा म्हैस बाळकुमच्या भिवाला दिली. भिवा आमचा जुना माणूस, वर्षानुवर्षं आम्हाला पेंढा तोच पुरवायचा. आता भैयाचं दूध एका पातेल्यात मावू लागलं आणि कपाट रिकामं झालं. तरी आत्या रोज सकाळी वाट्यांत पाणी भरायची, जाळी पुसायची आणि आत काही नसताना कुलूप लावायची. मला ते बघवत नसे. मग एक दिवस तांदूळ निवडता निवडता तिने सांगून टाकलं की संक्रांत झाली की ती नाशकाला चुलतबहिणीकडे कायमची राहायला जाणार, तसं तिकडे कळवूनही झालंय.

"आता इथं माझं काय काम राहिलंय, मंदा?" ती म्हणाली.

ह्यांना सांगितलं. हे मुळातच अबोल; पण त्या दिवसापासून ताटातली अर्धी पोळी टाकून उठू लागले. मला रात्रंदिवस एकच घोर लागला. आत्या गेली तर हे घर नुसतं चार भिंतींचं राहील, हे मला दिसत होतं, आणि तिला अडवायला तोंडात शब्द नव्हते.

त्यातच रेडिओ आला. ह्यांनी तो हौसेने टेबलावर ठेवला आणि घरादाराची झोप उडाली. मांजराला त्याच्यावरची ऊब आवडली. सुधीर बटणं पिळू लागला. खिडकीतून आलेली एरियलची वायर धुण्याच्या दोरीसारखी लोंबायची, आणि शेजारच्या वासंतीवहिनींनी एकदा खरंच तिच्यावर रुमाल वाळत घातला. धोंडीबा सुतार म्हणाला, नवी पेटी करू. माझी नजर मात्र जाळीच्या कपाटावर गेली. जाळीतून आवाज बाहेर येईल, आतले दिवे तापले तरी ऊब कोंडणार नाही, वायरी मागच्या मागे झाकल्या जातील, आणि कुलूप तर आहेच. पण मागायचं कसं? जायला निघालेल्या बाईकडे तिचं कपाट मागायचं म्हणजे तुमची जागा लवकर रिकामी करा, असंच सांगायचं.

गोड बोलणं मला जन्मात जमलेलं नाही. मी सरळच गेले. "आत्या, कपाट हवंय. पण किल्ली तुमच्याकडेच राहू द्या. ह्या घरात राखण फक्त तुम्हाला जमते."

दुसऱ्या दिवशी कपाट रिठ्याच्या पाण्याने धुऊन अंगणात उन्हाला ठेवलेलं दिसलं. धोंडीबाकडून मागच्या फळीला वायरीपुरतं भोक तिने स्वतः उभं राहून पाडून घेतलं. रेडिओ आत गेला, पसारा दिसेनासा झाला, आणि आत्याने निकाल दिला की कपाट सोवळ्यातलं आहे, तेव्हा आंघोळीशिवाय कोणी हात लावायचा नाही.

मग काय विचारता! पहाटेच्या थंडीत हे बातम्यांसाठी कुडकुडत न्हाऊ लागले. क्रिकेट ऐकायला आलेल्या वासंतीवहिनींच्या मधूला आत्याने आधी विहिरीवर पिटाळलं. रेडिओशेजारी ठेवलेलं दही थंडीतही घट्ट लागतं, हे तिने चार दिवसांत हेरलं. भिवाकडे म्हैस व्याली तेव्हा तो चीक घेऊन आला. आत्याने चिकाचं भांडं खालच्या कप्प्यात ठेवलं, आणि भिवाला अंगणात बसून ऐकता यावं म्हणून दोन्ही दारं उघडून भजन मोठ्याने लावलं.

"आत्या, तुमचा कपाट त मस बोलतं," भिवा म्हणाला. आत्या चक्क हसली. मला वाटलं, आपण जिंकलो.

पण संक्रांत झाली आणि नाशकाहून बहिणीचा मुलगा गणू तिला न्यायला आला. शब्द दिलाय, आता मोडायचा कसा, असं म्हणत आत्याने गाठोडं बांधलं. टांगा दारात आला. मी चुलीपुढे पोळ्या लाटत होते. तिने कनवटीची किल्ली सोडली आणि माझ्यापुढे धरली.

"मला नका देऊ," मी म्हणाले, "मला कावळा शिवलाय."

कावळा शिवलेली बाई स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत नाही, आणि माझे तर दोन्ही हात कणकेने भरलेले. आत्याने माझ्याकडे पाहिलं, पोळपाटाकडे पाहिलं. मग तिने किल्ली ह्यांच्यापुढे धरली. हे नुकतेच न्हाणीतून आले होते, केसांचं पाणी अजून मानेवर ओघळत होतं. ह्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"मी पारोसा आहे, आत्या."

ह्यांना खोटं बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. आत्या किल्ली धरून तशीच उभी राहिली. मग तिने किल्ली पुन्हा कनवटीला खोचली आणि पदराने डोळे टिपले.

"गणू, टांगेवाल्याला जायला सांग," ती म्हणाली. "आणि आईला सांग, ह्या घरात एक माणूस धड सोवळ्यात नाही. ह्यांना सोडून मी येऊ कशी?"

एवढ्यावर सुटका झाली असं वाटलं, तर ती ठकूआत्या कसली! केलेल्या सगळ्या पोळ्या तिने गाईला घालायला लावल्या. ह्यांना पुन्हा न्हायला पाठवलं. मला चुलीपुढून उठवून मागच्या पडवीत घोंगडीवर बसवलं, आणि तीन दिवस माझं ताट लांबून सरकवलं. मी मुकाट बसून होते. माजघरातल्या कपाटातून गाणं येत होतं, आत्या आतून आवाज लहानमोठा करत होती, आणि त्या ताटातला प्रत्येक घास मी देवाचे आभार मानत खाल्ला.