नव्या इंजिनातलं पाणी

"या खेपेला पाणी वाहणार म्हणतात," समाधान फोनवर सांगत होता. "खरंखुरं, उताराकडं. गेमचं नवं इंजिन हाय ना, त्याच्यात."

"म्हणतात म्हणजे कोण म्हणतं?" महेशने विचारलं.

"फोरमवर एकानं लिहिलंय. ट्रेलरच्या अठ्ठाविसाव्या सेकंदाला थांबव. ट्रॅक्टरच्या मागं पाट चमकतोय बघ."

सुट्टीच्या सकाळचा चहा बाजूला ठेवून महेशने तो सेकंद सात वेळा पाहिला. चमकत तर होतं. पाणी होतं की ताडपत्री, देव जाणे.

महेश अंबडच्या कारखान्यात मेंटेनन्स फिटर. वय त्रेचाळीस, नाकावर नवा चष्मा. हा गृहस्थ घरी शेतीचा गेम खेळतो, हे शिफ्टमध्ये फक्त सिन्नरहून येणाऱ्या समाधानला ठाऊक होतं, कारण तोही त्याच माळेचा मणी. डब्याच्या सुट्टीत दोघं त्या परदेशी स्टुडिओच्या पुढच्या गेमबद्दल इतक्या तावातावाने बोलत, की बाकीच्यांना वाटे, हे जमीन घ्यायला निघालेत. समाधानला नवे ट्रॅक्टर हवे होते. महेशला एकच घोर लागला होता: आपला जुना नकाशा नव्या इंजिनात चालेल ना?

तो नकाशा म्हणजे महेशच्या घरचा मखमलाबादचा सव्वादोन एकरांचा मळा होता, विहिरीसकट आणि बांधावरच्या उंबरासकट. खरा मळा बिल्डरला देऊन नऊ वर्षं झाली होती. त्याच जागेवरच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, महेश आणि त्याचे वडील अण्णा राहत होते. मळा उरला होता तो कॉम्प्युटरमध्येच. चार वर्षं रोज थोडा थोडा करत महेशने तो उभा केला होता.

अकरा वाजता समाधानचा पुन्हा फोन आला.

"स्टुडिओचा खुलासा आलाय. पाणी वाहणार, नक्की. पण जुने नकाशे नाय चालणार. नव्यानं बनवा म्हणे. गेम पुढच्या दिवाळीला."

महेशने समोर उघडलेला नकाशा बंद केला.

"फोटो असतील ना तुझ्याकडं मळ्याचे?"

"फोटोत उतार दिसत नाही रे," महेश म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. त्याला रडू यायचंच बाकी होतं. एक जमीन दोनदा हातची जावी, हे काही बरं नव्हतं.

उतार माहीत असलेला माणूस घरात एकच होता. पण गेल्या महिन्यात अण्णा दूध आणायला गेले आणि शेजारच्या विंगमध्ये परक्याच दाराची बेल वाजवत उभे राहिले. दिवाळीपर्यंत त्यांना काय आठवेल आणि काय नाही, हे डॉक्टरही सांगत नव्हते.

अण्णांना त्याने पूर्वी एकदा गेम दाखवला होता. "पाणी कुठंय?" त्यांनी विचारलं होतं. विहिरीत आहे, म्हटल्यावर, "चालत नाय?" एवढंच विचारून ते उठले होते. जन्मभर पिकाला पाणी देत दारं धरलेला माणूस तो. फावड्याच्या एका खेपेत एक वाफा बंद, दुसरा सुरू. थांबलेल्या पाण्यात त्यांना काय गोडी?

महेश गॅलरीत गेला. "अण्णा, नव्या गेममध्ये पाणी चालणार आहे."

अण्णांनी पेपर खाली केला. "कुठनं कुठं?"

"उतारानं."

"आन् आपला उतार कुठं धरलाय तू?"

"विहिरीकडून उंबराकडं."

अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं. "मंग मधल्या वाफ्यांना मी काय डोक्यावरनं पाणी नेत व्हतो? तिथं उंचवटा व्हता. चल खाली. टेप घे."

पार्किंगमध्ये स्कूटरींच्या रांगेतून अण्णा पावलं मोजत निघाले. वॉचमन खुर्चीतून उठून पाहत राहिला.

"लिफ्टच्या पल्याड चार पावलं, तिथं विहीर. लिही. इथनं पाट निघायचा आन् उंचवट्याला वळसा घालून जायचा. दहा पावलांना दोन बोटं उतार. जास्त केला तर माती वाहून जाती."

महेश लिहीत होता. अण्णा एकदाही अडखळत नव्हते. बारा नंबरच्या खांबापाशी मात्र ते थांबले.

"इथं कायम ओल असायची. तुझी आई इथंच कोथिंबिरीच्या जुड्या बांधायची. तिला गार लागायचं बुडाला." ते हसले. "हे बी लिही."

महेशने तेही लिहिलं. खांबाचा नंबर त्याला नीट दिसेना, म्हणून त्याने चष्मा पुसला.

काम झालं तसे ते परत निघाले. लिफ्टपासून थोडं अलीकडे अण्णांनी डाव्या हाताने पायजमा जरा वर धरला, उजवा पाय लांब टाकला आणि कोरड्या फरशीवरून पलीकडे गेले. मग मागे वळून म्हणाले, "जपून. पाटाची कड निसरडी हाय."

महेशने टेप खिशात घातला, पँट वर ओढली आणि त्याच जागी पाय लांब टाकला.