हेच्को कुणाचा

हेच्को चेक की पोलिश, यावर आमच्या चर्चच्या खोलीत भरलेली ही अकरावी बैठक. हेच्कोला जाऊन दोनशे वर्षं झाली. इथल्याच शाळेत मास्तर होता, इथंच ऑर्गन वाजवायचा, आणि मयताला म्हणायचं एक गाणं बांधून गेला. आता त्याच्या नावाची पाटी लावायची, तर त्यावर त्याला कोण म्हणायचं? सरहद्दीवरच्या ओल्झा नदीच्या या काठाचं एक म्हणणं, त्या काठाचं दुसरं. मी दर वेळी कॉफी करते, केक कापते आणि ऐकते. वीट आलाय नुसता.

"त्याची आई पोलिश होती," माझा धाकटा भाऊ कारोल टेबलावर हात आपटून म्हणाला.

"आणि प्रार्थना कुठल्या भाषेत करायचा? चेक. लेखी आहे," चर्चमध्ये आमच्यासोबत गाणारा ब्रोनेक म्हणाला.

"लेखीचं तू बोलूच नकोस. तुझ्या आजोबांनी तीन जनगणनांत स्वतःला वेगवेगळं लिहिलं. आधी जर्मन, मग पोलिश, मग चेक."

"तुझे आजोबा शेजारीच बसून लिहीत होते की!"

सगळे हसले. हे दोघं सोडून.

मी म्हटलं, "ती पाटी घाला चुलीत. आई आता फार दिवस काढत नाही. तुम्ही दोघं म्हणायला येणार का, तेवढं सांगा."

हेच्कोचं ते गाणं चार आवाजांचं. वरचा आवाज, म्हणजे खरी चाल, आईची. नव्वदीपर्यंत तिनं ती सोडली नाही. बायकांचा खालचा आवाज माझा, मग ब्रोनेक, तळाला कारोल. म्हणणारे एवढेच उरलोय. आईनं मला जवळ बसवून सांगितलं होतं, "माझी जागा रिकामी ठेवा. पण तुम्ही तिघं म्हणा." मी विचारलं, हेच्को नेमका कोण होता गं? "आपल्यातला," आई म्हणाली, "आणि उशी जरा वर घे."

"ताई, हे काय विचारणं झालं?" कारोल म्हणाला. ब्रोनेकनंही मान हलवली. गाण्याचे शब्द दोन्ही भाषांत आहेत. इतकी वर्षं ज्याला जे येईल ते तो म्हणायचा. या वेळी कुठले, हे मी विचारलं नाही. चुकलंच माझं.

आई शुक्रवारी गेली. सोमवारी खड्ड्यापाशी मी सूर दिला. दोघं तोंड मिटून एकमेकांकडं बघत राहिले, आधी तू सुरू कर म्हणून. दोन्ही बाजूंना बैठकीतली माणसं कान टवकारून उभी. त्यांच्यादेखत माघार कोण घेणार? पाद्रीबाबा दोनदा खाकरले.

शेवटी मी एकटीच सुरू झाले. शब्द घेतले नाहीत. कुठलेही घेतले असते तरी कुणीतरी ते आपल्या बाजूनं मोजले असते. नुसत्या आकारात म्हटलं. खरी चाल आईच्या आवाजात; माझ्या ओळीत सूर तीन-चारच, तेही फिरून फिरून तेच. भांडी घासताना बाई गुणगुणते, तसं ऐकू येत होतं. तरी चारही कडवी म्हटली. त्या दोघांचा राग येत होता, आणि आईपुढं लाज वाटत होती.

माती टाकून झाल्यावर कारोल जवळ आला. रडून डोळे लाल झालेले. दोन वर्षं हेच्कोसाठी भांडणारा माझा भाऊ. माझा हात धरून म्हणाला,

"छान म्हटलंस, ताई. पण आईनं सांगितलं होतं ना, मग हेच्कोचं का नाही म्हटलंस गं?"